दातेरी

"तू कशाला श्वास रोखून बसलीस? काम मी करतोय," बाबा म्हणाले.

ते उतारावरच्या गवतात पालथे पडले होते. वय अडुसष्ट, उजव्या डोळ्याला घड्याळजीचं भिंग, हातात दात कोरायची काडी. नाकासमोर वीतभर अंतरावर हिरवट पांढऱ्या फुलांचा एक तुरा होता. पलीकडे वनस्पतीवाल्या बाई गुडघे टेकून बसल्या होत्या. आई जरा वरच्या बाजूला पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती आणि फुलाकडे न बघता बाबांकडे बघत होती.

बाबांचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. दोन गिऱ्हाइकं आली की तिसऱ्याने रस्त्यावरून बोलायचं. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. टेबलावर पांढऱ्या कागदावर चाकं मांडलेली, त्यांच्यावर उपडे ग्लास. शिंक आली तर बाहेर पळायचं, हा नियम. बाबा चिमट्याने केसासारखी स्प्रिंग उचलायचे आणि मला वाटायचं, जगात काय बिघडायचं ते बिघडू दे, आपले बाबा आहेत. फार सुखाचे दिवस होते ते.

बाई तिथे यायच्या त्या सूक्ष्मदर्शकाचा ढिला स्क्रू घेऊन. एकदा त्यांनी पिशवीतून काडेपेटी काढली. आत ओल्या कापसावर एक फूल होतं. जमिनीवर वाढणारं रानटी ऑर्किड, बाईंच्या मते नेहमीचंच. पुस्तकात त्याचं चित्रही होतं. बाबांनी भिंगातून फूल पाहिलं, चित्र पाहिलं, पुन्हा फूल पाहिलं.

"बाई, हे ते नव्हे."

"कशावरून म्हणता?"

"ह्याच्या खालच्या पाकळीला दाते आहेत. एका बाजूला नऊ. तुमच्या चित्रातली कड सरळ आहे. शिवाय मागची नळी ह्याची दुप्पट लांब. हा दुसऱ्या कंपनीचा माल आहे."

बाई हसल्या, पण घरी जाऊन त्यांनी दाते मोजले. मग पत्रं गेली, फोटो गेले, आणि सहा महिन्यांनी उत्तर आलं की हे ऑर्किड साठ वर्षांत कोणी पाहिलेलं नाही, संपलं असंच सगळे धरून चालले होते. त्याचं खरं नाव लांबलचक आहे. बाबा त्याला दातेरी म्हणायचे, आणि पुढे बाईही तेच म्हणू लागल्या.

फूल सापडलं त्या उताराला कुंपण झालं. गवत कापणाऱ्यांना फुलं ओसरेपर्यंत तिथे फिरकायला बंदी झाली. पण दातेरीला बीच धरेना. ज्या पतंगामुळे धरायचं तो पतंग आता तिकडे येत नाही, असा बाईंचा अंदाज होता. एकोणीस झाडांची अकरा झाली, आणि त्या वर्षी तुरे आले ते तीन झाडांनाच. जुनी झाडं मरत चालली होती आणि नवीन एकही उगवत नव्हतं. पतंगाचं काम हाताने करायला आदल्या वर्षी बाई स्वतः बसल्या, तर दोन फुलं तुटली. म्हणून त्या आमच्या घरी आल्या.

दुकान बंद होऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. "आजकाल घड्याळ दुरुस्त कोण करून घेतं?" असं बाबा सगळ्यांना सांगायचे आणि आम्ही माना डोलवायचो.

"तुमच्याइतका स्थिर हात मी दुसरा पाहिलेला नाही," बाई म्हणाल्या. बाबा लगेच हो म्हणाले. आई उठून आत गेली.

काम ऐकायला सोपं होतं. फुलात परागाचे दोन पिवळे दाणे असतात, बुडाशी चिकट. काडी टेकवली की ते काडीला येतात. मग ते दुसऱ्या झाडाच्या फुलात नेमक्या जागी लावायचे. बाबांनी कोपर जमिनीला टेकवलं आणि काडी पुढे नेली. काडीचं टोक हलायला लागलं. मला वाटलं, वारा असेल. बाबांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, पुन्हा काडी नेली, आणि तुऱ्याचा शेंडा मोडून पाच फुलांसकट गवतात पडला.

"होतं हो असं," बाई म्हणाल्या. "माझ्याकडूनही—"

"नाही बाई. माझा हात कापतो. तीन वर्षं झाली. दुकान त्यामुळेच बंद केलं." मग ते उठून बसले. "मी नाही म्हणायला हवं होतं. जिवावर आलं."

मी रोज ह्या माणसाशी बोलत होते आणि मला पत्ता नव्हता. मी आईकडे पाहिलं.

"शर्टाची बटणं रोज कोण लावतं त्यांच्या?" आई हळूच म्हणाली. "त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही."

बाबांनी काडी तिच्यापुढे धरली. "तू कर."

आईने चाळीस वर्षं शिंप्याकडे काजं-बटणं केली होती. "मला एवढं बारीक दिसत नाही," ती म्हणाली.

"दिसायचं काम माझं."

"ओरडायचं नाही मग."

"मी कधी ओरडलो?"

"लग्नापासून."

बाईंनी पडलेली फुलं उचलून रुमालावर ठेवली. त्यांचे पराग ताजे होते, वाया घालवायचे नव्हते. आई त्यांच्यावरच शिकली. बाबा तिच्या खांद्याशी डोकं आणून भिंगातून बघत होते. "डावीकडे. तुझं डावं. हां, टेकव. ओढू नकोस, आपण होऊन येतील." दाणे काडीला आले. उरलेल्या चौदा फुलांना दोन तास लागले, आणि बाबा एकदाच ओरडले.

अकरा फुलांना बोंडं धरली. दातेरी उगवायला फार वर्षं घेतं. बाबा जाऊन आता चार वर्षं झाली आणि यंदा बाईंनी उतारावर सव्वीस झाडं मोजली. त्यांनी फोनवर आकडा सांगितला तेव्हा आईने तो दोनदा विचारून घेतला.

पण मला सारखी आठवते ती काम संपल्यानंतरची वेळ. बाईंनी थर्मास उघडला. त्या तीन वर्षांत परक्या माणसासमोर बाबा चहा घेत नसत. पित्त होतं, असं सांगायचे. आई सवयीने "त्यांना नको" म्हणाली, तोवर बाबांनी हात पुढे केला होता. कप थरथरला, थोडा चहा बाहीवर सांडला. त्यांनी बाही झाकली नाही. दोन्ही हातांनी कप धरून, सगळ्यांच्या देखत, सावकाश शेवटपर्यंत प्यायले आणि कप पुन्हा पुढे केला.

"अजून आहे का, बाई?"