पापणीला टेकवलेलं अंडं

कारभारणीने पेटीच्या मधल्या फळीवरून एक अंडं उचललं, डोळे मिटले आणि ते उजव्या पापणीला टेकवलं. दाराशी उभ्या सुनेने श्वाससुद्धा बेताने घेतला.

"आहे अजून," कारभारीण म्हणाली. "दार ओढ आधी. ऊब काय तुझ्या माहेरून यायची आहे?"

सुनेने पेटीचं दार ओढून कडी घातली. कपाटाएवढ्या दोन लाकडी पेट्या, त्यांत सहाशे अंडी, आणि आजचा विसावा दिवस. उद्या कवचं फुटायची. कान लावला की आतून बारीक चिवचिव ऐकू येई. मास्तर यायच्या आधी वर्गात पोरं बोलतात, तशी ती सकाळपासून चालू होती.

कारभारीण हे तिचं नाव नव्हे, गल्लीने ठेवलेलं. नवरा गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता ही पेट्या विकून मुलाच्या दारात बसेल. तिने पेट्या ठेवल्या आणि मुलालाच आपल्या दारात बसवलं. पेटीला थर्मामीटर होता. त्यावरचे आकडे तिला नीट वाचता येत नसत, पण हे तिने कुणाला कळू दिलं नाही. थर्मामीटर खोटारडा आहे, एवढंच ती सांगायची. नवऱ्याने तिला शिकवलं होतं, की हात राबून राबून दगड होतात, पापणी मात्र जन्मभर तान्हीच राहते. अंड्याची ऊब तिलाच विचारावी. ते काम कारभारीण दुसऱ्या कुणाला करू देत नसे. सुनेला तर नाहीच.

वीज अकराला गेली होती. तेव्हापासून मागच्या पडवीतल्या जनरेटरवर पेट्या चालल्या होत्या. सुनेने वीज कचेरीत चौथ्यांदा फोन लावला आणि या वेळी कुणीतरी उचलला.

"काय म्हणतो मेला?"

"मैदानावर सभा आहे म्हणे. आपली लाइन तिकडे दिलीय. सभा संपली की येईल."

"आणि संपणार कधी?"

"साहेब आले की सुरू होईल, म्हणाला."

"म्हणजे नवरदेवाचा पत्ता नाही आणि वऱ्हाड उपाशी."

तेवढ्यात रस्त्यावरून भोंग्याची गाडी गेली. तुमच्या गाडीच्या टाकीची काळजी आम्हाला, तुमच्या घरच्या गॅसची काळजी आम्हाला, असं कुणीतरी घसा फोडून सांगत होतं. कारभारणीने खिडकीकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या खिळ्याला कराच्या नोटिसा टोचलेल्या होत्या. एक पाण्याची, एक जागेची, आणि यंदापासून एक पेट्यांची. "उद्या पिल्लांनी डोळे उघडले की त्यावरही लावतील," ती नोटीस आली त्या दिवशी म्हणाली होती, आणि आणणारा शिपाईसुद्धा हसला होता. आज तिला स्वतःचंच बोलणं आठवून हसू आलं नाही.

दीडच्या सुमाराला जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प झाला.

घरात एकदम इतकी शांतता झाली, की अंड्यांमधली चिवचिव दार बंद असूनही ऐकू यायला लागली.

"मागचा कॅन ओतू का, आई?" सुनेने विचारलं.

"थांब."

"पण पेट्या लगेच गार पडायला लागतील. थंडी केवढी आहे."

"थांब म्हटलं ना. तो येतच असेल पंपावरून. भरलेला कॅन घेऊन येईल, तोच ओतू."

तिने हे म्हटलं, पण सुनेच्या नजरेला नजर दिली नाही. कारण मागचा कॅन रिकामा होता, आणि तो तिनेच रिकामा केला होता.

सकाळी मुलगा दुसरा कॅन घेऊन पंपावर गेला होता. उद्यापासून डिझेलचा भाव पुन्हा चढणार होता, म्हणून आजच भरून ठेवायचं. तो गेला आणि थोड्या वेळाने तीच भोंग्याची गाडी दारासमोर येऊन बंद पडली. गळ्यात पक्षाचा पट्टा घातलेला एक गुलछबू माणूस फाटक उघडून आत आला. "मावशी, तुमच्याकडे हॅचरी आहे ना? म्हणजे डिझेल असणारच. दुप्पट देतो." मावशी म्हणाला, वाकून नमस्कार केला, हुशार बाई म्हणतात तुम्हाला, असंही म्हणाला. तिने विचार केला, वीज आहे, पोरगा भरलेला कॅन घेऊन तासाभरात येतोय, आणि सरकार रोज आपल्याला लुटतं तर एक दिवस आपण त्यांच्या माणसाला लुटलं म्हणून काय बिघडलं? नोटा कमरेच्या बटव्यात गेल्या. रिकामा कॅन तिने परत पोत्याखाली झाकून ठेवला. संध्याकाळी जेवायला बसल्यावर मुलासमोर बटवा उघडायचा, असं तिने ठरवलं होतं. त्याचा चेहरा कसा होईल, तेही तिने बघून ठेवलं होतं.

आणि महिन्यापूर्वी याच सुनेने शेजारणीला स्टोव्ह पेटवायला त्याच कॅनमधून बाटलीभर डिझेल दिलं, तेव्हा कारभारीण तिच्याशी दोन दिवस बोलली नव्हती. तो कॅन म्हणजे घराचा श्वास आहे, असं तिने तेव्हा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितलं होतं.

सून मोठं पातेलं आणायला पडवीत गेली. पातेलं आणायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ तिला लागला. परत आली तेव्हा ती हात पुसत होती.

"बाटल्यांत गरम पाणी भरून पेट्यांत ठेवू," ती म्हणाली. कॅनचं नाव तिने काढलं नाही.

घरात होत्या नव्हत्या तेवढ्या बाटल्या त्यांनी गोळा केल्या. तेलाच्या, औषधाच्या, आजोळी गेलेल्या नातवाची शाळेची. सून पाणी तापवायची, कारभारीण फडक्यात गुंडाळून फळ्यांवर मांडायची. गार झालेली काढायची, गरम ठेवायची. गुडघे बोलत होते, तिने त्यांना बोलू दिलं. दर खेपेला एक अंडं पापणीला. आहे. आहे. जरा कमी आहे. खालची फळी वर घे. मागच्या महिन्याची खेप अशीच चार तासांच्या अंधारात गेली होती. पिल्लं नेणारा व्यापारी तेव्हा रिकाम्या गाडीच्या पायरीवर बसून चहा प्यायला होता आणि म्हणाला होता, "मावशी, तुमच्या मालकांपासूनचा संबंध आहे. अजून एक खेप बघतो. मग मला कंपनीकडून घ्यावी लागतील." ती एक खेप ही होती. तो परवा येणार होता.

अडीचला मुलगा आला. कॅन हातात हलका झुलत होता. तो दारात दिसायच्या आधी कॅनच्या आवाजावरूनच कारभारणीला कळलं.

"पंप कोरडा," तो म्हणाला. "सहा तास रांगेत होतो. पुढून सभेच्या गाड्या कुपनं घेऊन येत होत्या, त्यांना आधी. पन्नास असतील, साठ असतील. माझ्यापुढे चार माणसं राहिली आणि पंपवाल्याने दोर बांधला." मग त्याने घराकडे कान दिला. "जनरेटर का बंद आहे?"

"संपलं त्यातलं," सून म्हणाली.

"मग मागचा कॅन आहे ना?"

कुणी बोलायच्या आत तो पडवीत गेला. पोतं सरकल्याचा आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत दोन रिकामे कॅन होते, आणि त्यांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं.

"हा कुणी रिकामा केला?"

कारभारणीने बटव्यावर हात ठेवला. जीभ टाळ्याला चिकटली होती. साऱ्या गल्लीला गप्प बसवणारी जीभ. आता बोलते, ती मनाशी म्हणाली, हे फडकं गुंडाळलं की बोलते.

"मी दिलं," सून म्हणाली.

"कुणाला?"

"वरच्या आळीतल्या बाई आल्या होत्या. त्यांच्या मुलाला दवाखान्यात न्यायचं होतं, गाडीत डिझेल नव्हतं. मला वाटलं, तुम्ही आणताच आहात."

ती हे इतक्या सरळ आवाजात म्हणाली, की क्षणभर कारभारणीलासुद्धा त्या बाईचं आजारी पोर डोळ्यांसमोर दिसलं.

मुलगा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो आईकडे वळून म्हणाला, "तू सांगत होतीस ते मी ऐकायला पाहिजे होतं. पडवीला कुलूप लाव म्हणाली होतीस. मीच म्हटलं, घरातल्या माणसापासून कसलं कुलूप." मग बायकोकडे न बघता त्याने दोन्ही कॅन उचलले. "ट्रक थांबतात तिथे बघतो कुणी लिटरभर देतं का. चालत जातो. गाडीतही नाहीये."

फाटक वाजलं. दोघी जणी पेटीसमोर उभ्या राहिल्या. कारभारणीच्या हातातली बाटली निवत चालली होती.

"दोरीवर कपडे घालत होते सकाळी," सून हळूच म्हणाली. "फाटकातलं सगळं ऐकू येतं तिथे."

एवढंच. आणि ती पातेल्याकडे गेली.

कारभारणीला म्हणायचं होतं, तुला कुणी सांगितला होता शहाणपणा. म्हणायचं होतं, मी काय तुझ्या पदराआड लपणारी बाई आहे का? तिने तोंड उघडलंही. पण तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुनेचा आवाज आला, "आई, गॅस गेला." आणि ते राहूनच गेलं. दुसरी टाकी घरात नव्हती. भाव वाढल्यापासून ते महिन्याला एकच टाकी घेत होते.

चार वाजता त्यांनी पेट्या उघडल्या. चिवचिव विरळ झाली होती. खालच्या फळ्यांवर तर नव्हतीच. सहाशे अंडी दोन माणसांच्या अंगाच्या उबेवर जगत नाहीत, हे कारभारणीला कुणी सांगायला नको होतं. ती एकेक अंडं कानाशी धरायची आणि आतून आवाज आला तर सुनेच्या ओंजळीत द्यायची. नाही आला तर परत फळीवर, हळूच. फेकल्यासारखं तिला करता येईना. पेरभर जागा सोडून ती अंडी अशी ठेवत होती, जशी निजलेली पोरं सरकवतात.

साठेक निघाली. पलंगावर गोधडी, तिच्यावर अंडी, वर दुसरी गोधडी आणि रजई. एका बाजूला सून आडवी झाली, दुसऱ्या बाजूला कारभारीण. पंधरा वर्षं एका घरात काढली, पण अशा एका पांघरुणात त्या दोघी कधीच आल्या नव्हत्या.

"पाय गार आहेत तुमचे," सून म्हणाली.

"सासूचे पाय गारच असतात. तुझे असतील तेव्हा कळेल."

सून हसली, की नुसता श्वास सोडला, ते समजलं नाही.

सभा सुरू झाली होती. मैदानावरून टाळ्यांचा आवाज यायचा, मध्येच तुटायचा. मग भोंग्याची गाडी पुन्हा रस्त्यावर आली. आमचं सरकार पुन्हा आलं की डिझेल स्वस्त, म्हणत ती फाटकापाशी हळू झाली, आणि भोंगा बंद न करताच तो गळ्यात पट्टा घातलेला माणूस म्हणाला, "मावशी, लक्ष असू द्या." सगळ्या गल्लीने ऐकलं असेल. सुनेने रजईतून एक हात बाहेर काढला, डोक्यामागची खिडकी ओढून घेतली आणि हात परत आत घेतला.

गाडीच्या इंजिनाचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. चांगलं पळत होतं.

उजेड पिवळा झाला. कारभारणीने पांघरुणात चाचपून एक अंडं काढलं आणि पापणीला टेकवलं. काही कळेना. तिने ते दुसऱ्या पापणीला लावलं. तरीही नाही. पापण्या ओल्या होत्या. तिने पदराने डोळे पुसले, त्या पुन्हा ओल्या झाल्या. पाण्याची वाफ गेली असेल डोळ्यांत, ती पुटपुटली, पण गॅस जाऊन अडीच तास झाले होते आणि वाफ घरात कुठेच नव्हती. ओल्या पापणीला सगळंच गार लागतं.

तिने अंडं मुठीत धरलं. मूठ दगडाची होती.

"अगं."

"काय, आई?"

"डोळे मीट."

सुनेने डोळे मिटले. कारभारणीने हात लांबवला आणि अंडं तिच्या पापणीला टेकवलं. तिची पापणी किती पातळ होती, आणि तिच्याखाली बुबुळ कसं हलत होतं, ते तिला इतक्या जवळून पहिल्यांदाच दिसलं.

"आहे का?"

अंड्यातून आवाज येत नव्हता. मैदानावर पुन्हा टाळ्या पडल्या.

"आहे," ती म्हणाली. सरळ, शांत आवाजात. दुपारी ज्या आवाजात तिने वरच्या आळीतल्या बाईचं सांगितलं होतं, अगदी त्याच.

कारभारणीने तिच्याकडे पाहिलं. मग अंडं परत घेतलं, स्वतःच्या डोळ्याकडे न नेता रजईच्या आत सरकवलं, आणि वरची कड सुनेच्या खांद्यापर्यंत ओढून नीट खोचली.