माझे पाय कुठल्या बाजूला

मी अडथळा बोलतोय. हो, तोच, शर्यतीत धावणाऱ्यांच्या वाटेत उभा असतो तो. खेळाडू मला हर्डल म्हणतात आणि चिडले की आणखी बरंच काही म्हणतात. आडवं येणं हाच ज्याचा धंदा, त्याला लाडानं कोण हाक मारणार? तरी माझ्या वाट्याला एक पोरगी आणि तिची आई आली, म्हणून हे चार शब्द.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानातला. खाली लोखंडी पाय, वर लाकडी फळी, फळीवर काळे-पांढरे पट्टे. त्यानं मला मैदानावर आणून टाकलं. तिथल्या सरांनी एक लाथ घालून मला पाडून पाहिलं आणि "चालेल" म्हणाले. माझं तेवढंच काय ते कौतुक झालं.

पोरगी पहिल्यांदा आली तेव्हा नुसती हाडं होती. तिची आई इस्पितळाच्या लॉन्ड्रीत कामाला. कामावर जायच्या आधी ती लेकीबरोबर यायची आणि आम्हा अडथळ्यांना एकेक करून रांगेत मांडायची. ओल्या चादरी उचलून हात तयार झालेले, मला तर ती काखोटीला मारून न्यायची.

"आई, राहू दे, सर मांडतील," पोरगी म्हणायची.

"सर उठतील कधी आणि मांडतील कधी! तू पळ." सरांची झोप सगळ्या मैदानाला ठाऊक होती.

पोरगी पुढे चँपियन झाली. अडथळ्यांची शर्यत तिची, शंभर मीटरची साधी धावही तिचीच. एकदा दोन्ही पदकं एकाच स्पर्धेत आणली, तेव्हा आईनं ती इस्त्रीच्या टेबलावर मांडून सगळ्या लॉन्ड्रीला दाखवली. लोकांना पदकं दिसली. मला तिच्या नडगीवरचे वळ दिसायचे, कारण ते मीच दिलेले होते.

आता माझ्या अंगातली एक गोम सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझे पाय एकाच बाजूला आहेत. ते धावत येणारीकडे असले, तर तिचा पाय लागताच मी पुढे कोलमडतो आणि तिचं थोडक्यात निभावतं. मला उलटं ठेवलं, तर मी जागचा हलत नाही. मग पडायचं तिनं.

देशाच्या संघाची निवड तोंडावर आली होती. त्या सकाळी आई लागोपाठ दोन पाळ्या करून थेट मैदानावर आली. डोळे मिटत होते. तिनं आम्हाला कसंबसं मांडलं आणि घरी झोपायला निघाली. मला तिनं उलटं ठेवलं होतं. आज बोलतोय तसं तेव्हा बोलता आलं असतं तर!

पोरगी भरधाव आली. तिचा पाय फळीवर आदळला, मी ढिम्म. ती माझ्यावरून पलीकडे पडली आणि गुडघा भलतीकडेच वळला. कळवळत तिनं मान वर केली, माझे पाय पाहिले आणि तिला सगळं उमगलं. मग ती कोपरांवर सरपटत माझ्यापर्यंत आली. दोन्ही हातांनी धरून मला सुलट फिरवलं, आडवं पाडलं. आईला हाक मारली ती त्यानंतर.

आई धावत आली. "कशी पडलीस गं?"

"माझंच लक्ष नव्हतं. पाय लागला."

हे गुपित तिचं आणि माझं, असं मी धरून चाललो.

शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभरानं पोरगी परतली. पण आई मैदानावर येईनाशी झाली. "मला बघवत नाही," एवढंच म्हणायची. आता सर आम्हाला मांडू लागले. पोरगी जोरात यायची आणि माझ्या अलीकडे अडखळायची. नजर खाली, माझ्या पायांकडे. पाय तपासत कुणी अडथळा ओलांडतं का? शेवटी तिनं आमचा नाद सोडला आणि नुसती धावली. त्यातही नाव काढलं. बातमीदार विचारायचे, "अडथळ्यांची शर्यत का सोडलीत?" ती हसून सांगायची, "उड्या मारून कंटाळा आला." मला ते फार लागायचं.

वर्षं गेली. आता तीच त्या मैदानावर पोरींना शिकवते. यंदा नवे, हलके अडथळे आले आणि मला भंगारात काढलं. ते कळल्यावर आई आली. पाठीतून वाकलेली, पण आली.

"हा मला दे," ती म्हणाली.

"हा कशाला आई? याच्यामुळेच तर पडले मी."

"त्याच्यावर नको ढकलूस. मी उलटा ठेवला होता."

"तुला कुणी सांगितलं?" लेकीनं विचारलं.

"सांगायला कशाला हवं? आवाज ऐकून फाटकापाशी मागे वळले, तर तू त्याला फिरवत होतीस. तसल्या पायानं, माझ्यासाठी! मग मी काय तोंडानं बोलणार? पण पुन्हा मांडायला हात धजला नाही."

"आणि मला वाटलं, तू माझ्यावर रागावलीस." लेक रडायला लागली. आईही रडली. मला दोघींचाही राग आला आणि दोघींची दयाही आली. बऱ्याच वेळानं लेक म्हणाली, "मांड."

"आत्ता? वेडी का तू?"

"मांड गं."

काखोटीला मारायचे दिवस सरले होते. आईनं मला ओढत नेलं, उभं केलं, वाकून माझे पाय चाचपले. "नीट आहे का, येऊन बघ एकदा!" तिनं ओरडून सांगितलं.

"नाही बघत," लेक तिकडून म्हणाली.

आणि आली. चाळिशी उलटलेली, गुडघ्याला पट्टा. नजर समोर, माझ्या पायांकडे एकदाही नाही. उडी कमी पडली. टाच फळीला लागली आणि मी धाडकन पुढे कोसळलो. ती चार पावलं धडपडत गेली, पण उभी राहिली.

"लागलं का गं?" आई ओरडली.

"नाही आई. बरोबर ठेवला होतास."

हल्ली मी त्यांच्या मागच्या अंगणात असतो. आई माझ्यावर चादरी वाळत घालते. लेकीची टाच लागली त्या दिवशी माझ्या फळीला एक चीर गेली. कुणी भलं माणूस ती बुजवायला येईल, म्हणून आधीच हात जोडून सांगतो, तेवढी राहू द्या.