फाटकापाशीचा थांबा

"मामा, इथे कुठे थांबताय? स्टॉप पुढे आहे!" कंडक्टर पोरगी मागून ओरडली.

ड्रायव्हरमामांना ते कळत होतं. पण पाय ब्रेकवर गेला तो गेलाच, आणि सवयीच्या हाताने बसचं दारही उघडलं. समोर हिरवं फाटक होतं.

इथे ग्रंथपालबाई चढायच्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून स्टॉपपर्यंतचा चढ त्यांच्या जिवावर यायचा, म्हणून बसच त्यांच्या दारी यायची. तेव्हा या उपनगरात घरं मोजकी आणि झाडंच उदंड. फांद्या बसच्या टपावर घासत जायच्या, खिडकीतून पानं मांडीवर पडायची. शहरात कामाला जाणारे सगळे एकमेकांच्या ओळखीचे. कोणाच्या पोराला ताप आहे, हे डॉक्टरांच्या आधी मामांना कळायचं. बाई मात्र हमखास उशिरा. त्यांचे यजमान, घड्याळं दुरुस्त करणारे अण्णा, बायकोची पिशवी धरून आधीच फाटकात हजर. "सगळ्या गावाची घड्याळं लावली, पण हिच्यापुढे हात टेकले!" असं म्हणायचे, आणि सगळी बस हसायची. कोणाला घाई नसायची असं नाही, पण तक्रार करायचं कोणाच्या मनातही यायचं नाही.

बाई देवाघरी जाऊन काही महिने झाले होते. तेव्हापासून मामा इथून नाकासमोर बघत गाडी काढायचे. त्यात डेपोच्या साहेबांनी सज्जड दम दिलेला, "स्टॉप सोडून थांबल्याची एक जरी तक्रार आली, तर हा मार्ग विसरा." मामांचं अर्धं आयुष्य याच रस्त्यावर गेलं होतं. दुसरीकडे आपला जीव रमणार नाही, याची त्यांना मनातून धास्ती होती. आणि आज नेमकं भान सुटलं.

अण्णा बागेत नळीने पाणी घालत होते. बसचं दार उघडल्याचा आवाज आला, तसा त्यांनी झटकन हात वर केला.

"आलीच हं ती! एक मिनिट!"

ते घराकडे वळलेसुद्धा. दोन पावलं गेले आणि तिथेच थबकले. नळीचं पाणी त्यांच्या पायांवर सांडत राहिलं.



"अहो, चला की! घरची गाडी आहे का तुमच्या?" एका प्रवाशाने मोबाइल काढला. "थांबा, तक्रारच करतो."

कंडक्टरने घाईघाईने घंटीच्या दोरीला हात घातला.

"राहू दे, पोरी."

"अहो मामा, मार्ग जाईल तुमचा!"

"जाऊ दे गेला तर."

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. उघड्या दाराकडे वाकून, नेहमीच्याच आवाजात ते म्हणाले, "सावकाश येऊ द्या, अण्णा. आम्ही थांबलोय."

अण्णा पाठमोरेच होते. त्यांनी नुसती मान हलवली.