उरलेले तीन स्क्रू

आमच्या घरी काहीही दुरुस्त झालं की दोन-चार स्क्रू उरतात. नवरा ते डबीत टाकतो आणि म्हणतो, "कंपनी जास्तीचेच देते." गेल्या वर्षी त्याने पाण्याचा पंप उघडून पुन्हा बसवला, तेव्हा तीन उरले होते. त्यामुळे परवापासून पंप लावला की शॉकपासून वाचवणाऱ्या नव्या सॉकेटचं बटण खटकन पडायला लागलं, तेव्हा कारण शोधायची मला गरजच वाटली नाही.

त्याला मात्र वाटली. त्याने वायर बदलली, प्लग बदलला, फ्रिज बंद करून पाहिला. पंप काढला की बटण टिकायचं, लावला की पडायचं. तिसऱ्या दिवशी त्याने निकाल दिला, "सॉकेटच नाजूक आहे. जुना साधा बसवतो."

"बसव. मग चपला काढून ओल्या फरशीवर उभा राहा आणि पंपाला हात लाव. मी बटण दाबते."

त्याने वायरमनला फोन केला.

वायरमन येईपर्यंत आमची पैज लागली. चूक त्याच्या दुरुस्तीत निघाली, तर हत्यारांची पेटी वायरमनला देऊन टाकायची. पेटी त्याच्या वडिलांची. तो कबूल झाला, पण चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण तीन दिवस बादल्या मी वाहत होते. मी केस वर बांधले आणि मजा बघायला उभी राहिले.

वायरमनने पंपावरचं, वायर जोडतात तिथलं झाकण काढलं. आत ओल होती.

"इथे झाकणाखाली रबरी रिंग असते, ती नाही. पाणी आत शिरतं, करंट गळतो, म्हणून बटण पडतं. सॉकेट चांगला आहे. झाकण कुणी उघडलं होतं?"

मी पेटी उचलून दारात आणून ठेवली.

"मीच," नवरा म्हणाला. "पण रिंग पायरीवर काढून ठेवली होती. नंतर तासभर शोधली. हिलाही विचारलं."

"मी कसलीही रिंग पाहिली नाही. कशी असते ती?"

"काळी, बांगडीएवढी." वायरमनने बोटांचा गोल करून दाखवला. मग त्याची नजर माझ्या अंबाड्यावर थांबली. "अशीच, वहिनी."

माझा हात डोक्याकडे गेला. पायरीवर सापडलेलं ते रबर वर्षभरात एकदाही तुटलं नव्हतं. असं पक्कं रबर बाजारात मिळत नाही, असं मी शेजारणींना सांगत फिरले होते. मी त्याचे दोन वेढे सोडवले आणि ते वायरमनच्या हातावर ठेवलं.

"सैल झालीय," तो ताणून बघत म्हणाला. "नवी टाकतो."

"आणि ते तीन स्क्रू?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"ते कंपनी जास्तीचेच देते, वहिनी."

नवरा पेटी आत ठेवून आला. येताना माझा कंगवा घेऊन आला.