शेवटच्या कडव्यातली तानाबाई

चौदा एप्रिलला संध्याकाळी सात वाजता सुलतानपुरात तानाबाईनं जयंतीच्या मिरवणुकीतलं गाणं थांबवायला लावलं. ट्रॅक्टर उभा राहिला. नाचणारी पोरं वळून पाहू लागली.

गाणं तिनंच रचलेलं, तिच्याच आवाजातलं. तानाबाई बीबीला अंगणवाडीत मदतनीस. सुलतानपूर तिचं माहेर. रचणाऱ्यानं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं, ही भीमगीतं गाणाऱ्या गायन पार्ट्यांची रीत तिनंही पाळली होती. पण मलकापूरच्या एका मोबाईलवाल्यानं गाणं न विचारता उचललं, मेमरी कार्डांत भरलं आणि नेमकी त्या नावावर आपल्या दुकानाची जाहिरात चढवली. तेव्हापासून गाणं जिल्हाभर वाजत होतं. कुणाचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सून मंजुश्रीनं महिन्यापूर्वी मूळ गाणं इंटरनेटवर विक्रीला ठेवलं. अजून एकही गिऱ्हाईक आलं नव्हतं.

मूळ गाणं विकत घेऊन वाजव, असं तानाबाईनं सांगताच ट्रॅक्टरवरचा साउंडवाला अश्वजित कुरकुरला.

"मावशी, हेच गाणं हाये न माह्याजवळ. पुन्हा काऊन विकत घेऊ?"

"तुह्याजवळच्यात दुकान बोलते, बाप्पा. माहं नाव कुठी हाये?"

लोक खोळंबलेत, माझ्या मोबाईलमधून देऊन टाकते, असं मंजुश्री हळूच म्हणाली. तानाबाईनं तिचा हात धरला.

"फुकट देल्लं की पुन्हा वाऱ्यावर गेलं. घ्याचं त विकत घे, नाही त माह्या माहेरात हे गाणं वाजवू नको."

अश्वजितला धास्ती वेगळीच होती. एका ॲपचे तो दरमहा पैसे भरी. तिथली गाणी मोबाईलबाहेर निघतच नसत. हेही तसंच निघालं तर? मंजुश्रीनं सांगितलं, याला कुलूप नाही. एकदा घेतलं की मोबाईल, पेनड्राइव्ह, कार्डावर गाणी वाजवणारा डबा, कशावरही वाजवा. पुटपुटत त्यानं पैसे भरले. गाणं मोबाईलमध्ये उतरलं, तिथून पेनड्राइव्हवर गेलं आणि ट्रॅक्टर हलला.

शेवटचं कडवं आलं तेव्हा तानाबाईनं ट्रॉलीचा कठडा घट्ट धरला.

'सांगे बीबीची तानाबाई, पोरी, मान ठेव वर.'

ओट्यावर बसलेली तिची म्हातारी चुलती अंबूबाई उठून उभी राहिली.

"तानी, हे तुहं व्हय वं? आमी त त्या दुकानवाल्यालेच शाहीर समजत होतो."

गल्ली हसली. पोरींनी गाणं पुन्हा लावायला लावलं, आणि या खेपेला तानाबाईचं नाव भोंग्यांआधी त्यांच्याच तोंडून निघालं. अंबूबाईनं आपला गाण्यांचा डबा पुढं केला. तिच्या कार्डात मूळ गाणं गेलं. तानाबाईनं चुलतीकडूनही पैसे घेतले, आणि चुलतीनं ते ऐटीत मोजून दिले.

दुसऱ्या दिवशी मंजुश्रीच्या मोबाईलवर आणखी खरेदी दिसू लागली. बहुतेक नावं सुलतानपूरची. एका ठिकाणी मात्र मलकापूरच्या त्याच दुकानाचं नाव होतं. त्यानंही रीतसर पैसे भरले आहेत. तिथं आता कार्डांत जाहिरातीचं गाणं भरून मिळतं की तानाबाईच्या नावाचं, हे अजून कळलेलं नाही.