सहाशे चाळीस वेढे

ते साल १९४३, चैत्र महिना. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. म्हसावदला सासऱ्यांचं, चुडामण पाटलांचं, कापसाचं जिन होतं. जिनाच्या इंजिनाला डायनामो जोडलेला आणि त्याच्या विजेवर विहिरीवरची मोटार चाले. गावात दुसरी मोटार नव्हती, हे सासरे रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. त्या चैत्रात मोटारीची कॉइल जळाली. लढाईमुळे मुंबईहून नवी मिळेना. केळी माना टाकू लागली.

माझे यजमान उखा नवापूरहून अब्राहाम मिस्त्रीला घेऊन आले. रेल्वेच्या कारखान्यात कॉइली भरायला शिकलेला, किडकिडीत, हसरा माणूस. सासऱ्यांनी त्याला ओट्याखाली उभं करूनच सांगितलं, "मोटार चालनी तर तू जिनवर कायम, खोली बी देसू. नही चालनी तर तुन्हा रस्ता तुले मोकया." मिस्त्रीची बायको गंगीबाई पोटुशी होती. त्याला ती खोली हवी होती.

तो ख्रिस्ती, म्हणून ओट्यावर त्याला मज्जाव. गोठ्याशेजारच्या पडवीत त्यानं बस्तान मांडलं. जळालेली कॉइल उलगडताना वेढे मोजले: सहाशे चाळीस. नवे भरताना मोजायला माणूस हवा होता, म्हणून मला पायरीवर बसवलं. दहा वेढे झाले की एक चिंचोका बाजूला.

लाकडी साच्याला दांडा होता. उजव्या हातानं तो फिरवायचा, डाव्या चिमटीतल्या फडक्यातून तार ताठ सोडायची. वेढ्याशेजारी वेढा, एक थर झाला की वर कागद, मग दुसरा थर.

"मिस्त्री, नुसत्या तारेनं मोटार कशी फिरते?" मी विचारलं.

"वहिनीबाई, तारेतून वीज गेली की आतल्या लोखंडात चुंबकाचा गुण येतो. एका वेढ्याचा जोर असून नसल्यासारखा. सहाशे मिळाले की धुरा फिरवतात. वीज थांबली की परत साधं लोखंड." त्यानं तार बोटानं दाबली. "पण वेढ्याला वेढा उघडा भिडायचा नाही. म्हणून हा सुताचा अंगरखा. भिडला की वीज फेरा चुकवून मधूनच पळते, तार तापते, जळते. तुमच्या सासूबाईंपेक्षा कडक सोवळं आहे हिचं!"

मी पदरात तोंड खुपसून हसले.

चौसष्ट चिंचोके झाले. त्यानं कॉइलवर सुती पट्टी गुंडाळली, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं करून गाठ मारली, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत कॉइल बुडवली आणि पडवीत टांगली. "चार दिवस वाळू द्या. ओल लागू देऊ नका," म्हणाला आणि बायकोला बघायला नवापूरला गेला.

माझ्या सासूबाई दगूबाई तुळशीशी उभ्या होत्या. "दखं का? जीभ लावी त्यानी! अशी उष्टी वस्तू मन्हा विहिरवर?"

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात गोमूत्राचा तांब्या दिला. मी चार थेंब शिंपडले.

"शिंपडनं पुरं नही. वत."

"आत्याबाई, मिस्त्रीनी सांगेल शे, ओल नको."

"कॉइलले ओल लागस, आन माले इटाळ लागत नही का?"

मी ओतलं. सगळा तांब्या. कॉइलमधून पिवळं पाणी ठिबकत राहिलं.

मिस्त्री परत आला तेव्हा ती वरून वाळल्यासारखी दिसत होती. कॉइल मोटारीत बसली, इंजिन सुरू झालं. नळातून पाणी आलं, दोन घागरी भरतील एवढं. मग धूर. जळकं सूत, लाख आणि तापलेलं गोमूत्र, असा एक वास विहिरीभोवती पसरला. तो अजून माझ्या नाकात आहे.

मिस्त्रीनं काळी पडलेली कॉइल नाकाशी नेली. "यावर काय पडलं?"

"त्याना हातच तसा," सासूबाई म्हणाल्या.

मी कधी पुरुषांत बोलले नव्हते. घुंगटातून सासऱ्यांना म्हणाले, "मामा, मी गायनं मूत वतं. आत्याबाईनी सांगं व्हतं."

सासरे दचकलेही नाहीत. "माले मालूम शे. वास काय तुलेच येस?" मग मिस्त्रीकडे वळून, त्याच आवाजात, "जाय भो. कॉइल कच्ची व्हती तुन्ही."

मिस्त्रीनं हत्यारं पिशवीत भरली. माझ्याकडे एकदाच पाहिलं, रागानं नाही. मी गोठ्यामागे जाऊन भडभडून ओकले. घरात सगळ्यांना वाटलं, सुनेला दिवस गेले. सासूबाईंनी आळीत गूळ वाटला.

दिवस गेले नव्हते. मुलं मला पुढं झाली, तिघं.

सासरे एकावन्न साली वारले. गावातली पहिली मोटार आपली, हे शेवटपर्यंत सांगत होते.

अब्राहाम मिस्त्रीनं नवापुरात स्वतःचं दुकान टाकलं आणि म्हातारपणापर्यंत कॉइली भरल्या. गंगीबाईला त्या चैत्रात मुलगी झाली, ती पुढे नर्स झाली.

मोटार दोन वर्षं गंजत पडली. लढाई संपल्यावर माझे यजमान ती गुपचूप नवापूरला घेऊन गेले. मिस्त्रीनं भरून दिली, एवढंच विचारलं, "वहिनीबाई बऱ्या आहेत ना?" यजमान अठ्ठ्याऐंशी साली गेले. मोटार कुणी भरली, हे त्यांनी आईला कधी सांगितलं नाही.

मोटार पुन्हा सुरू झाल्यावर सासूबाई अकरा वर्षं जगल्या. जिभेनं ओल्या केलेल्या तशाच गाठीच्या मोटारीचं पाणी रोज प्यायल्या, त्याच पाण्यानं देव धुतले. मीच भरून देत असे.