बर्फाचा कप्पा

बोरीवली पूर्वेच्या त्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर फ्रिज फक्त वनमालाच्या घरी होता. हक्क मात्र साऱ्या मजल्याचा. पाहुणे आले की कुणी बर्फ मागायचं, कुणी श्रीखंडाचं भांडं आणून ठेवायचं. सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात समोरच्या बिऱ्हाडातले दत्ताराम परब आले ते हातात थर्मास घेऊन. आत एक चिमुकली पेटी होती.

“चंदून लंडनसून धाडल्यान. फ्लूची लस,” ते मुलाच्या कौतुकानं म्हणाले. “माका डायबेटीस आसा ना! डॉक्टर परेरा गावाहून आले की टोचतले.”

परवानगी न विचारता त्यांनी फ्रिज उघडला आणि पेटी थेट वरच्या बर्फाच्या कप्प्यात, ट्रेच्या मागे सारली. “थंडीत ऱ्हवली म्हणजे झाला.”

पेटीसोबतचा इंग्रजी कागद वनमालाच्या हातात राहिला. ती हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. नजर आपोआप ओळींवरून सरकली. हा ताप दरवर्षी रूप बदलतो, म्हणून लस दरवर्षी नवी. वृद्ध, मधुमेही, अधू फुफ्फुसांची माणसं, यांनी ती आधी घ्यावी. आणि तळाशी, ठळक अक्षरांत: गोठवू नका. एकदा गोठलेली लस निकामी होते. ती फेकून द्या.

तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात खिडकीजवळच्या रिकाम्या आरामखुर्चीकडे तिचं लक्ष गेलं.

त्या खुर्चीत गेल्या श्रावणापर्यंत अण्णा बसायचे, तिचे वडील. दम्यानं पोखरलेली छाती, आणि पत्त्यांचं वेड. साथीच्या दिवसांत दत्ताराम तापानं फणफणलेले असतानाही पत्ते पिसत दारात उभे राहिले होते. “भाऊ, आज नको. अण्णांना झेपणार नाही,” वनमालानं दार अडवून म्हटलं होतं. तिच्या हाताखालून आत शिरत ते हसले होते, “साध्या पडश्यान कोण मरता काय गो?” डाव संपेपर्यंत ते अण्णांच्या समोर बसून खोकत राहिले. आठवड्याच्या आत अण्णांच्या छातीत न्यूमोनिया उतरला, आणि श्वास घेणं हे त्यांचं अखेरचं, हरलेलं काम झालं. तेराव्याला जिलेबीचा घास घेत दत्ताराम म्हणाले होते, “वय झालेला. सुटले.”

सुटले. त्या शब्दाला तिनं तेव्हापासून आपल्या आत दूध पाजून वाढवलं होतं.

“काय वाचतंस गो?” आता दत्तारामांनी विचारलं.

“काही नाही, भाऊ,” वनमाला म्हणाली. कागदाची घडी तिनं नीट, नखानं दाबून घातली. तिनं काहीही केलं नव्हतं. हात त्यांचा, कप्पा त्यांनी निवडलेला. तिचं होतं ते केवळ मौन. आणि मौनाला धार येते, हे तिला त्या क्षणी कळलं.

लस टोचण्याच्या आदल्या दिवशी तिनं पेटी खालच्या फळीवर ठेवली. कुपीतला बर्फ विरघळला. काच पुन्हा निष्पाप दिसू लागली.

“फ्रिजमध्येच होती ना?” परेरांनी विचारलं.

“फ्रिजमध्येच.”

दत्ताराम त्यानंतर बाही वर करून साऱ्या मजल्याला दंड दाखवत फिरले. श्रावणात साथ आली तेव्हा आजाऱ्यांच्या उशाशी बसून म्हणू लागले, “माका काय होवचा नाय. लंडनचा माल आसा!” वनमाला दाराच्या फटीतून पाहायची. जिन्यावरचा प्रत्येक खोकला ती व्याजासारखा जमा करत होती.

मग एका दुपारी त्यांची बायको रुक्मिणी रिकामं पातेलं घेऊन आली. “बर्फ दी गो बाय. ह्यांचा आंग नुसता तापलाहा. श्वास लागता.”

वनमालानं ट्रे उलटा करून ओट्यावर आपटला. तुकडे पातेल्यात पडले, आणि त्या आवाजानं तिला सुख झालं. “काकू, मीच नेते,” ती म्हणाली. ‘साध्या पडशानं कोण मरतं, भाऊ?’ हे वाक्य केव्हाचं तयार होतं. ते फक्त त्यांच्या डोळ्यांत पाहून म्हणायचं होतं.

परबांच्या घरी रुक्मिणी स्वयंपाकघरात वळली; खोलीत दत्ताराम भिंतीला टेकून बसले होते, अण्णा बसायचे तसेच, पुढे वाकून, हवा शोधत. उंबऱ्यावर तिची सावली पडताच त्यांनी हात वर केला.

“भुतूर येव नको. तुका लागात.”

तिचा पाय अडला. त्यांनी धाप आवरत विचारलं,

“अण्णांका मीच दिलंय ना गो?”

वर्षभर तिनं याच एका प्रश्नाची वाट पाहिली होती. तो आला तेव्हा तिच्या हातात पातेलं होतं, आणि बोटं बधिर.

“हो, भाऊ. तुम्हीच.”

त्यांनी मान हलवली. मग दंडावर हात ठेवून पुटपुटले, “पण माका कसो झालो? लस तर घेतलंय.”

“ती गोठली होती. बर्फाच्या कप्प्यात मेली ती. त्या कागदावर लिहिलेलं होतं.”

“तू वाचलंस?”

“तुमच्यासमोरच.”

त्यांच्या डोळ्यांत तिला राग हवा होता, भीती हवी होती. तिथं फक्त ओळख होती. एकाच धंद्यातली दोन माणसं बाजारात भेटावीत तशी.

स्वयंपाकघरातून रुक्मिणीचा आवाज आला, “वनमाला, बर्फ पुरात ना गो?”

दत्ताराम तिच्याकडे पाहत होते; बायकोला हाक मारण्याइतका श्वास त्यांच्यात अजून होता. त्यांनी ती मारली नाही.

“पुरेल, काकू,” वनमाला म्हणाली. तिनं उंबरा ओलांडला आणि पातेलं त्यांच्या उशाशी ठेवलं.